विषय: गणेशोत्सवाची रोकड बँकेत भरण्याबाबत

नमस्कार मंडळी,
बाप्पा निर्विघ्न पार पडले. दानपेटी, महाप्रसादाची कुपनं आणि वडापावचा स्टॉल मिळून रोख १३,४६० डॉलर जमलेत. सगळे माझ्याकडे बिस्किटांच्या दोन डब्यांत आहेत. शनिवारी बँकेत भरतो.
– मंदार, खजिनदार

---

मंदार, एकदम भरू नकोस. दहा हजारांच्या वर गेलं की बँक सरकारला कळवते, मंडळामागे नसती चौकशी लागेल. शनिवारी सात भर, उरलेले बुधवारी.
– श्रीकांत

---

मंदार, थांब!

श्रीकांतदादा, तुम्ही मंडळाच्या काळजीनेच लिहिलंत, पण तुम्ही सांगताय तो गुन्हा आहे. दहा हजारांहून जास्त रोकड आली की बँक सीटीआर नावाचा अहवाल पाठवते. देवळं, चर्च, किराणा दुकानं, सगळ्यांचे जातात. त्यावर ना कर, ना दंड. पण तो टाळायला रक्कम फोडली की त्याला स्ट्रक्चरिंग म्हणतात आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग पैसा बाप्पाच्या पेटीतला का असेना.

डेनिस हॅस्टर्ट आठवतात? आठ वर्षं इथल्या, अमेरिकेच्या संसदेच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती होते. जुन्या लैंगिक अत्याचाराबद्दल गप्प बसण्यासाठी एकाला पैसे देत होते. बँकेने विचारल्यावर दहा हजारांच्या आतल्या रकमा काढायला लागले, असे ९,५२,००० डॉलर काढले. अत्याचाराचा खटला मुदत उलटल्यामुळे उभाच राहिला नाही. २०१६ मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली ती या रकमा फोडण्याबद्दल, आणि पैसे त्यांचे स्वतःचे होते.

‘गुन्हा आहे हे ठाऊक नव्हतं’ असं म्हणून सुटका नाही. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बचाव मान्य केला, तर अमेरिकेच्या संसदेने त्याच वर्षी कायदाच बदलला. आता फक्त हेतू बघतात. आणि आपला हेतू काल सगळ्या लिस्टवर लेखी गेलाय.

मी बँकेत काउंटरवर असताना एक गृहस्थ मुलीच्या लग्नातला आहेर घेऊन आले, साडेदहा हजार. फॉर्मचं ऐकलं आणि सहाशे मोजून परत खिशात घातले. पुढे काय झालं ते सांगायला मला कायद्यानेच बंदी आहे, पण ते हात अजून डोळ्यांसमोर येतात. मंदार, तू तसं करू नकोस. सगळे एकदम भर, ड्रायव्हिंग लायसन्स आणि मंडळाचा टॅक्स नंबर बरोबर ने.
– शैला

---

शैलाताई, मला हे खरंच माहीत नव्हतं. मंदार, माझी मेल विसर. सगळ्यांची क्षमा मागतो.
– श्रीकांत

---

शनिवारी सकाळी दहाला जातोय, १३,४६० एकदम भरणार. शुक्रवारी रात्री नोटा मोजायला दोघं हवेत. श्रीकांतदादा, तुम्ही याल?
– मंदार