युरोपीय संघाचा प्रश्न ब्रिटनच्या निवडणुकीत कसा शिरला?

प्रश्न
१९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के ब्रिटिश मतदारांनी युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) राहण्याचा कौल दिला. १९८३ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने त्यातून बाहेर पडण्याचे आश्वासन दिले, तरी ती निवडणूक त्या मुद्द्यावर फिरली नाही. मग २०१५ पर्यंत हाच विषय मोठ्या पक्षांना जेरीस आणणारा कसा ठरला? ब्रसेल्सचे, म्हणजे संघाच्या मुख्यालयाचे, नियम हा काही सामान्य मतदाराच्या जिव्हाळ्याचा विषय नव्हे.

प्रतिसाद १
तो जिव्हाळ्याचा झाला २००४ नंतर. त्या वर्षी दहा देश संघात आले. जर्मनीने पूर्व युरोपातील कामगारांवर सात वर्षे निर्बंध ठेवले, ब्रिटनने मात्र त्यांना लगेच कामाची मुभा दिली. लिंकनशायरमधील बॉस्टनच्या परिसरात भाजीकाढणीच्या आणि पॅकिंगच्या कामांवर पोलंड, लिथुआनियातील माणसे आली, आणि दवाखान्यातली रांग व खोल्यांची भाडी यांचा संबंध लोक थेट युरोपशी जोडू लागले. तो संबंध प्रत्येक वेळी खरा होता असे मी म्हणणार नाही. पण २०१६ च्या संघातून बाहेर पडण्यावरील सार्वमतात बॉस्टनने ७५ टक्क्यांहून अधिक मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली.

प्रतिसाद २
स्थलांतर हे माझ्या मते अर्धेच उत्तर आहे. युरोपीय संघाला जन्म देणाऱ्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारापासून हुजूर पक्षात फूट होती, आणि दोन्ही मोठ्या पक्षांचे नेतृत्व संघात राहण्याच्या बाजूचे असल्यामुळे विरोधी मताला वाट मिळत नव्हती. ती वाट यूकिपने, म्हणजे संघातून बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या पक्षाने, दिली. हुजूर पक्षातील बंड शमवण्यासाठी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जानेवारी २०१३ मध्ये सार्वमताचे वचन दिले. तरीही २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत यूकिप ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आला. २०१५ मध्ये त्याला १२.६ टक्के मते पडूनही जागा एकच मिळाली, परंतु चुरशीच्या मतदारसंघांत ही मते आपलीच कापतील, ही धास्ती उमेदवारांना जागांच्या आकड्यापेक्षा मोठी वाटत होती.

प्रतिसाद ३
मी इंग्लंडमधील स्विंडनमध्ये राहते. आमच्या शेजारचे कुटुंब गोव्याचे. १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांमुळे त्यांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि त्याच आधारावर ते येथे स्थायिक झाले. मी भारतीय नागरिक, म्हणजे येथे राहणारी राष्ट्रकुलातील देशाची नागरिक, म्हणून २०१६ च्या सार्वमतात मला मत होते. ज्यांचा येथे राहण्याचा हक्कच पणाला लागला होता, त्या शेजाऱ्यांना, पोर्तुगालचे नागरिक असल्याने, नव्हते. मी मतदानाला निघाले तेव्हा शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. "आमचेही मत तूच टाक," एवढेच त्या म्हणाल्या. संसदेच्या निवडणुकीतही मताधिकाराचा हाच नियम आहे. २०१५ च्या प्रचारात उमेदवारांचे कार्यकर्ते माझ्याकडे दोनदा आले होते; शेजारच्या दाराशी कोणीही फिरकले नाही.