स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन स्वतः बसवताना : अनुभव धागा

चिमणी परवडत नाही, किंवा परवडत असूनही ओट्यावर तेवढी जागा नाही, अशा घरांची भिस्त आजही एक्झॉस्ट फॅनवरच असते. पंखा आणून चार स्क्रूंवर अडकवणे फारसे अवघड नाही. भोक कुठे पाडायचे, वीज कुठून घ्यायची आणि बाहेर गेलेल्या हवेच्या जागी नवी हवा कोठून येणार, हे ठरवणे अवघड असते, आणि दुकानदार नेमके त्याबद्दल काही सांगत नाही. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी घराचा प्रकार, पंख्याची जागा आणि पुरेशा वापरानंतरचे आपले मत सविस्तर लिहावे, ही विनंती. कंपन्यांच्या शिफारशी कृपया नकोत. आणखी एक सांगणे असे की, असलेल्या पॉइंटवर जुना पंखा काढून नवा लावणे घरच्या माणसाने करायला हरकत नाही, परंतु नवी वायर ओढून नवा पॉइंट काढायचा असेल तर ते काम परवानाधारक ठेकेदाराच्या माणसाकडूनच करून घ्यावे. नियमही तेच सांगतो. सुरुवात मीच करतो.

पुणे, जुनी विटांची इमारत

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर छताजवळ झरोका होता, त्यामुळे भिंत फोडण्याचा प्रश्न आला नाही. पंखा निवडण्यापूर्वी मी खोलीचे माप घेतले. ८ फूट रुंद, १० फूट लांब आणि १० फूट उंच म्हणजे ८०० घनफूट, अर्थात सुमारे २२.६ घनमीटर. स्वयंपाकघरातील हवा तासाला १५ ते २० वेळा बदलली जावी असा ढोबळ हिशेब धरतात, म्हणजे तासाला साधारण ३४० ते ४५० घनमीटर हवा ओढणारा पंखा हवा. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो आणि पंखा घेताना आवाज किंवा रंगाच्या आधी तोच पाहावा. पंख्यावर लिहिलेले २२५ मिलिमीटरसारखे माप पाती फिरतात त्या वर्तुळाच्या व्यासाचे असते, भोकाचे नव्हे. भोक त्याहून मोठे लागते आणि ते प्रत्येक मॉडेलला वेगळे असते, म्हणून पंखा घरी आणून पुठ्ठ्यावर त्याची चौकट आखून घेतल्याशिवाय लाकडाला करवत लावू नये.

झरोक्यात सागवानी फळी बसवून तिच्यावर पंखा पक्का केला. मेन स्विच बंद केल्यावरही टेस्टरने पॉइंट तपासला, आणि तत्पूर्वी तोच टेस्टर चालू सॉकेटमध्ये घालून तो स्वतः शाबूत आहे ना, हेही पाहिले. पंख्याच्या अंगावरचा बाण हवा बाहेर फेकण्याची दिशा दाखवतो. तो खोलीकडे वळला असेल तर पंखा उलटा बसला आहे.

खरी परीक्षा उदबत्तीने होते. शेगड्या बंद करून, पंखा चालू ठेवून उदबत्ती ओट्यावर धरली. स्वयंपाकघराचे दार बंद असताना धूर आळसावल्यासारखा वर जात राहिला. दार चार बोटे उघडताच तो तिरका होऊन सरळ झरोक्याकडे ओढला गेला. पंखा तोच, वीज तीच. ज्यांची ‘पंखा हवाच ओढत नाही’ अशी तक्रार असते, त्यांनी पंखा बदलण्याआधी हा प्रयोग करून पाहावा.

डोंबिवली, भाड्याचे घर

भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नाही, म्हणून आम्ही सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीचा आधार घेतला. काचवाल्याने आधी काच पाहिली. टफन्ड (उष्णता देऊन मजबूत केलेली) काच नंतर कापता येत नाही, कापायला गेल्यास तिचा चुरा होतो, हे त्यानेच सांगितले. आमची साधी होती, तरीही तिला भोक पाडण्याऐवजी ती संपूर्ण काच काढून कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि त्या मापाची अ‍ॅक्रिलिकची जाड शीट बसवून तिच्यात पंखा लावला. घर सोडताना मालकांना त्यांची काच परत देता येईल.

पुण्याच्या अनुभवाला एक जोड देते. पंखा खिडकीच्या एका भागात आणि शेजारचा भाग उघडा, अशी रचना केली तर शेजारून आलेली ताजी हवाच पंखा पुन्हा बाहेर टाकतो आणि कढईवरचा धूर जागच्या जागी राहतो. त्यामुळे पंखा चालू असताना आम्ही ती खिडकी घट्ट लावतो आणि समोरच्या गॅलरीचे दार उघडे ठेवतो. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, कारण खिडकी उघडली की हवा खेळते, हे त्यांचे आयुष्यभराचे गणित. मिरचीच्या खकाण्याने ते सोडवले.

ठाणे, नवी उंच इमारत

अलीकडच्या अनेक टॉवरमध्ये बाहेरच्या भिंती विटांच्या नसून साच्यात ओतलेल्या सळईच्या काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्याच वाहतात. तिथे गवंड्याला छिन्नी-हातोडा चालवू देऊ नये. सोसायटीच्या पत्रात ‘कोणत्याही बाह्य भिंतीस छिद्र पाडू नये’ असे लिहिलेले असते ते निव्वळ अडवणुकीसाठी नसते. विटांच्या भिंतीतही तुळईच्या आणि खांबाच्या लगत भोक घेऊ नये, आणि स्विचबोर्डाच्या सरळ वरची जागा टाळावी, कारण भिंतीतल्या वायरींचा पाइप बहुधा तिथूनच उभा गेलेला असतो. आम्ही शेवटी खिडकीचाच मार्ग धरला.

रत्नागिरी

आमचे घर समुद्रापासून जवळ आहे, स्वयंपाकघर पश्चिमेला आहे आणि पावसाळ्यात वारा पंख्याच्या तोंडावरच येतो. पत्र्याच्या झडपा खाऱ्या हवेत गंजून उघड्याच अडकल्या, त्यामुळे पंखा बंद असताना पाणी आत येऊ लागले. नव्या पंख्यासाठी प्लास्टिकचे अंग आणि प्लास्टिकच्या झडपा निवडल्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घेतले. भोकाच्या खालच्या बाजूला सिमेंटचा गिलावा करताना बाहेरच्या दिशेने उतार दिला आणि वरून पत्र्याऐवजी फायबरची टोपी बसवली. टोपी आणि भिंत यांत पंख्याच्या व्यासाइतकी तरी मोकळी जागा ठेवावी. ती चिकटवून बसवली तर पाऊस थांबतो, पण हवाही थांबते. चौकटीची फट फक्त वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉनने बुजवली आहे. खालची मुद्दाम मोकळी ठेवली, म्हणजे चुकून आत शिरलेले पाणी निथळून जाते.

नाशिक

काम सोपे होते, त्यावर लिहीत नाही. मात्र ज्यांचा गॅस गीझर स्वयंपाकघरातच आहे, त्यांच्यासाठी हे लिहिणे आवश्यक वाटते. दारे-खिडक्या बंद ठेवून पंखा लावला की खोलीतील हवेचा दाब उतरतो आणि मग गीझरच्या धुराड्यातून बाहेर जायला हवा तो वायू उलट आत ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. आम्ही पंखा बसवण्याच्या आधी दाराच्या खालच्या भागात कायमची उघडी जाळी बसवून घेतली, आणि गीझर चालू असताना पंखा लावायचा नाही हा घरातला नियम आहे. तसेच, गॅसचा वास आल्यावर ‘वास बाहेर काढू’ म्हणून पंख्याचे बटण दाबू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, वरचा पंखा त्याला लवकर हलवत नाही आणि बटणातली ठिणगी मात्र पुरेशी ठरते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर पडून एलपीजी गळतीच्या १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे.

लेस्टर, इंग्लंड

इथले गणित थोडे वेगळे आहे. शेगडीवर हवा घराबाहेर टाकणारा हुड असेल तर सेकंदाला किमान ३० लिटर, आणि तसा हुड नसेल तर पंखा ६० लिटर हवा बाहेर टाकणारा असावा, असे येथील इमारत नियमांचे मार्गदर्शन आहे. ६० लिटर म्हणजे तासाला २१६ घनमीटर, पुण्याच्या हिशेबाहून बरेच कमी. हा आकडा ठरवणाऱ्यांनी सुक्या बोंबलांचे कालवण बहुधा गृहीत धरलेले नाही. घराची भिंत दुहेरी आहे, म्हणजे विटांच्या दोन थरांत पोकळी आहे. भाड्याने आणलेल्या कोअर ड्रिलने (भिंतीत मोठे गोल भोक पाडणारे यंत्र) भोक घेतल्यावर आतून बाहेरपर्यंत एकसंध पाइप घालणे महत्त्वाचे, नाहीतर ओली हवा पोकळीतच सुटते आणि भिंतीला बुरशी धरते. थंडीत पाइपात वाफेचे पाणी होते, म्हणून त्यालाही बाहेरच्या बाजूला उतार दिला. बंद पंख्यातून गार वारा येऊ नये यासाठी आपोआप मिटणारी झडप लागते. ती नसेल तर जानेवारीत ओट्याजवळ उभे राहवत नाही.

कोल्हापूर

आमच्याकडे वर्षाचा कांदा-लसूण मसाला घरीच होतो, त्यामुळे मिरच्या भाजण्याच्या दिवसांत पंख्याची कसोटी लागते. पंखा अगदी शेगडीच्या डोक्यावर न घेता थोडा बाजूला घेतला आहे, म्हणजे आच मोटरला लागत नाही. बसवतानाच काढण्याचाही विचार करावा, असे मी सुचवेन: कायमची जोडणी न करता थ्री-पिन टॉप आणि सॉकेट ठेवले, त्यामुळे पिन उपसून पंखा खाली उतरवता येतो. पाती आणि जाळी गरम पाण्यात खायचा सोडा घालून भिजवली की चिकटा सुटतो. मोटरला पाणी लावायचे नाही, ती कोरड्या फडक्याने पुसायची. पाती पुन्हा घालताना नट पुरता आवळावा, कारण पात्यांवरचा असमान चिकटा किंवा ढिला नट, बहुतेक वेळा आवाजाचे कारण या दोहोंपैकीच एक असते. आणि पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, हाताने ढकलल्यावर फिरतो, असे झाले तर नवा पंखा घेण्यापूर्वी वायरमनकडून मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा कपॅसिटर तपासून घ्यावा. तो स्वस्तात बदलून मिळतो.