मदत हवी आहे: बैठकीच्या व्हिडिओत चित्र आधी संपतं, आवाज मागे उरतो

आडताल

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत आमच्या गुरुजींच्या घरी दर महिन्याला शिष्यांची बैठक होते. चित्रीकरण मागच्या भिंतीशी स्टँडवर लावलेल्या फोनने, आणि आवाज गायकासमोर ठेवलेल्या वेगळ्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झला. दोन्ही एकत्र करून एच.२६४ (चित्र) आणि एएसी (आवाज) असलेली एमपी४ फाइल बनवणारा छोटा प्रोग्राम क्लासमधल्याच एका मुलाने एफएफएमपेगच्या (चित्र-आवाजाच्या फाइली हाताळणाऱ्या) लायब्रऱ्या वापरून सी मध्ये लिहिला होता. तो आता परदेशी, त्यामुळे कोड माझ्या गळ्यात. मी पोटासाठी जावा लिहितो, सी कॉलेजनंतर सुटलं.

डिसेंबरची बैठक साडेपाचला सुरू झाली, तासभर चालली. सुरुवातीला तबल्यावर पडणारा हात आणि थाप अगदी बरोबर. अर्ध्याच्या पुढेपर्यंत तक्रार नाही. नंतर चित्र पुढे पळायला लागतं आणि शेवटी साधारण चार मिनिटं आधी संपतं. गुरुजी नमस्कार करून उठून गेले तरी भैरवी चालूच! फोनची मूळ फाइल व्हीएलसीमध्ये नीट चालते, रेकॉर्डरचीही. गंमत म्हणजे एप्रिलच्या बैठकीला हाच फोन, हाच प्रोग्राम, आणि हा प्रकार नव्हता. कुठून शोधायला सुरुवात करू?

मधलीसुट्टी

दोन शक्यता. एएसी एन्कोडर सुरुवातीला १०२४ सँपल्सची (आवाजाच्या नमुन्यांची) भर घालतो, ती वजा होत नसेल. किंवा पॅकेट लिहिण्याआधी टाइम बेस (वेळ मोजायचं एकक) बदलायचा राहिला असेल. एमपी४ चा मक्सर (चित्र आणि आवाज एका फाइलमध्ये बांधणारा भाग) हेडर लिहिताना स्वतःचा टाइम बेस ठरवतो, तुम्ही दिलेला १/३० तो १/१५३६० करून टाकतो. तिथे पुष्कळ लोक अडकतात.

बफरभरला

दोन्ही नाही. १०२४ सँपल्स म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २१ मिलिसेकंद, एका फ्रेमपेक्षाही कमी, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढेच. इथे फरक वाढतोय. आणि टाइम बेस चुकला असता तर चित्र ५१२ पट वेगाने धावलं असतं, तासाची बैठक सात सेकंदांत आटोपली असती. तेवढं द्रुत कोणीच गात नाही.

आडताल, अशा तक्रारीत पहिला प्रश्न एकच: फरक कायम तेवढाच आहे, सरळ रेषेत वाढतोय, की मध्येच कुठून तरी वाढायला लागतो? तुमचा तिसऱ्या प्रकारातला दिसतोय. आता दोन गोष्टी सांगा. मूळ फाइलवर एफएफप्रोब (फाइलची माहिती दाखवणारं एफएफएमपेगचं साधन) चालवून आर_फ्रेम_रेट (मूळ दर) आणि एव्हीजी_फ्रेम_रेट (सरासरी दर) किती येतात? आणि कोडमध्ये व्हिडिओ फ्रेमचा पीटीएस, म्हणजे ती दाखवायची वेळ, कुठून घेतलाय?

आडताल

आर_फ्रेम_रेट ३०. एव्हीजी मात्र २८ च्या आसपास. पीटीएसमध्ये एक काउंटर आहे, दर फ्रेमला एकने वाढतो. एन्कोडरचा टाइम बेस १/३०.

बफरभरला

सापडलं. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. खोलीतला उजेड कमी झाला की फोन एक्स्पोजर वाढवण्यासाठी फ्रेम दर आपोआप खाली आणतो, बऱ्याचदा ३० वरून २४ वर. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची खरी वेळ लिहिलेली असते, म्हणून व्हीएलसीत सगळं नीट दिसतं. तुमचा प्रोग्राम ती वेळ फेकून देतो आणि नुसत्या फ्रेम मोजतो.

हिशोब जुळतो का बघा. पहिली ४० मिनिटं ३० ने, पुढची २० मिनिटं २४ ने. शेवटच्या भागात २८,८०० फ्रेम. त्या ३० ने वाजवल्या की १६ मिनिटांत संपतात. चार मिनिटं गेली. सरासरीही बरोबर २८ येते. एप्रिलमध्ये साडेसहाला लख्ख उजेड असतो, म्हणून तेव्हा काही झालं नाही.

उपाय: काउंटर काढून टाका. डिकोड झालेल्या फ्रेमचा बेस्ट_एफर्ट_टाइमस्टँप घ्या, एव्ही_रिस्केल_क्यू ने इनपुट स्ट्रीमच्या टाइम बेसवरून एन्कोडरच्या टाइम बेसवर आणा, तोच पीटीएस.

आडताल

दिवेलागणी माझ्या डोक्यातही आली नव्हती! बदल केला, आता वेगळंच दुखणं: मक्सर 'नॉन मोनोटोनिकली इन्क्रीझिंग डीटीएस' (डिकोड करायच्या वेळा चढत्या क्रमात नाहीत) म्हणून ओरडतो आणि फाइल अर्धवट राहते.

बफरभरला

१/३० चा टाइम बेस फार जाड आहे. लागोपाठच्या दोन फ्रेम थोड्या जवळ आल्या की पूर्णांकात बसवताना दोघींना एकच नंबर मिळतो. एन्कोडरचा टाइम बेस १/९०००० करा. पण तेवढंच करून थांबू नका, फ्रेमरेट नावाच्या फील्डमध्ये ३० भरा. ते रिकामं ठेवलं तर एक्स२६४ (एच.२६४ बनवणारा एन्कोडर) टाइम बेसवरूनच दर ठरवतो, म्हणजे सेकंदाला नव्वद हजार फ्रेम येणार असं समजतो आणि बिटरेटचं गणित पार बिघडतं. शेवटी एन्कोडरला रिकामी फ्रेम पाठवून आत अडकलेली पॅकेटं बाहेर काढायला विसरू नका.

मधलीसुट्टी

गुरुजी व्हिडिओ कशावर बघतात? पेन ड्राइव्ह लावून जुन्या टीव्हीवर असेल तर बदलता फ्रेम दर तिथे दगा देऊ शकतो. मग एफपीएस फिल्टर लावून सगळं ठाम ३० करा. तो खऱ्या वेळा बघून गरजेप्रमाणे फ्रेम दुप्पट करतो किंवा गाळतो, लांबी बदलत नाही.

आडताल

टीव्हीच. फिल्टर लावला, चार मिनिटं चार मिनिटांच्या जागी गेली. दोघांचेही आभार. आता फक्त शेवटी आवाज सहा फ्रेम मागे आहे. आधी लक्षातच आलं नसतं, पण आता तबल्यावरचा हात सतत डोळ्यांत खुपतो. हा फरक मात्र सरळ रेषेत वाढतो.

बफरभरला

हे घड्याळांचं. फोन आणि रेकॉर्डर, दोघांचे क्रिस्टल वेगळे. सहा फ्रेम म्हणजे तासाला ०.२ सेकंद, दहा लाखांत साधारण ५५ भाग. स्वस्त यंत्रांत एवढं चालायचंच. रेकॉर्डर किंचित वेगाने मोजतो, म्हणून त्याची फाइल लांब भरते. तिचा दर ४८,०००ऐवजी ४८,००३ आहे असं रीसँपलरला (आवाजाचा दर बदलणाऱ्या भागाला) सांगा आणि बाहेर ४८,००० मागा. उरलेला फरक तासाअखेरी एका फ्रेमच्या आत येईल.

दर बैठकीला डोळ्याने मोजत बसू नका. फोनच्या फाइलमध्येही आवाज आहेच. तो आणि रेकॉर्डरचा आवाज सुरुवातीच्या व शेवटच्या मिनिटात क्रॉस-कोरिलेशनने (एक दुसऱ्यावर सरकवत सगळ्यात जास्त कुठे जुळतो ते बघून) जुळवा, दोन्ही अंतरांची वजाबाकी म्हणजे घड्याळांचा फरक. फोन दहा मीटर मागे असेल तर त्याला आवाज जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा पोचतो, पण तो उशीर दोन्हीकडे सारखा, वजाबाकीत उडून जातो.

खर्जातला

थांबा. दर बदललात म्हणजे स्वर सरकला. तानपुऱ्यासकट सगळी बैठक चढवणार का? लांबी कमी करायची तर अटेंपो फिल्टर आहे की, तो पट्टी हलवत नाही.

बफरभरला

मोजून बघू. ५५ भागांनी दर बदलला तर स्वर सुमारे ०.१ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो. प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सगळ्यात लहान अंतर, साडेएकवीस सेंटची, तिचा दोनशेवा हिस्साही नाही हा. शिवाय हलतो म्हणण्यापेक्षा फोनच्या घड्याळाने मोजलेल्या जागी परत जातो. अटेंपो मात्र आवाजाचे तुकडे एकमेकांवर चढवून लांबी बदलतो, आणि त्याचे सांधे ऐकू यायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे तबल्याची चाट. संगीताला अटेंपो लावू नये, असं माझं स्पष्ट मत.

खर्जातला

०.१ सेंट असेल तर हरकत मागे.

आडताल

४८,००३ ने काम झालं. एक शेवटचं: मागच्या हिवाळ्यातल्या दोन बैठकींच्या मूळ फोन फाइली उडवल्या गेल्यात, फक्त बिघडलेल्या एमपी४ उरल्यात. काही होईल का?

बफरभरला

फ्रेमच्या खऱ्या वेळा गेल्या, त्या परत येणार नाहीत. पण एकही फ्रेम गाळलेली नाही, हे नशीब. प्रोग्रामने फक्त मोजल्या. फोनचा दर कुठे बदलला तो क्षण शोधा: तिथून हालचाली अचानक घाईच्या दिसतात आणि चित्र जास्त दाणेदार होतं. त्याच्या पुढच्या भागाला सेटपीटीएस फिल्टरने १.२५ ने गुणा, म्हणजे ३० चे पुन्हा २४ होतील. दर एकदाच बदलला असेल तर चित्र आवाजाला जाऊन मिळेल. दोनतीनदा वरखाली झाला असेल तर प्रत्येक तुकड्याला तबल्याची एकेक ठळक थाप धरून जुळवावं लागेल. एक रविवार जाईल.