क्लोक, लोकल आणि ती १० मिनिटं: तुमचे अनुभव लिहा

ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या ऑनलाइन गेममध्ये २०२१ साली मोबाइल ऑब्झर्व्हेटरी आली, तेव्हापासून "क्लोकचा जीव गेला" विरुद्ध "बरं झालं, सुटलो" हे भांडण आमच्या कॉर्पमध्ये (खेळाडूंच्या गटात) अधूनमधून पेटतंच. नव्यांसाठी थोडक्यात: क्लोक म्हणजे जहाज अदृश्य करणारं यंत्र, ते लावून लोक कीबोर्ड सोडून खुशाल निघून जायचे. ऑब्झर्व्हेटरी दर १० मिनिटांनी पिंग करते आणि सिस्टिममध्ये (एका ताऱ्याभोवतीच्या भागात) दडलेली जहाजं त्यात उघडी पडू शकतात. क्लोक लावल्यावर पहिली १५ मिनिटं मात्र अभय. म्हणजे जागा असलेला माणूस मध्येच क्लोक काढून परत लावतो, झोपलेला सापडतो. मतं पुष्कळ ऐकली. काय घडलं ते सांगा.

*

मी खाणवाली. नलसेकमध्ये, म्हणजे पोलीस नसलेल्या भागात, लोकल (सिस्टिममधल्या सगळ्यांची नावं दाखवणारी चॅट) हाच आमचा पहारेकरी, पण त्यात नाव दिसतं, जहाज नाही. एक अनोळखी नाव आमच्याकडे सलग ११ दिवस मुक्कामाला होतं. डाउनटाइम (सर्व्हरची रोजची बंद वेळ) संपला की हजर. डी-स्कॅन मारा, प्रोब टाका, कसंही शोधा, हाती काही नाही. "माणूस तिथे नाहीच गं," सगळे म्हणाले. बाराव्या दिवशी कंटाळून हल्क (खाणकामाचं जहाज) बाहेर काढलं. ४० मिनिटं सुखाने खणलं. मग दगडाआडून बॉम्बर उघडा झाला, मला धरलं, सायनो (दूरच्या साथीदारांना उडी मारून यायची खूण) पेटला आणि ओव्हरव्ह्यूत, म्हणजे जहाजांच्या यादीत, भराभर शत्रूंची लाल नावं. हल्क गेलं, पॉडही (पायलटची सुटकेची कुपी) गेला. लोकलमध्ये वर "जीएफ" (गुड फाइट) लिहिलं मेल्याने! राग त्या हल्ल्याचा नाही. तो ११ दिवस बहुधा ऑफिसात होता आणि आम्ही गोदीत, याचा आहे.

*

वरच्या किश्श्यातला मी नाही, पण जातकुळी तीच. ३ अल्ट (माझीच दुसरी पात्रं) ३ सिस्टिममध्ये क्लोकखाली लावून मी ऑफिसला जायचो. एकट्या माणसाकडे मोठ्या अलायन्सला (कॉर्पांच्या युतीला) त्रास द्यायला दुसरं हत्यार होतं का? आणि क्लोकमध्ये असताना मला कोणावर नेम (लॉक) सुद्धा धरता येत नाही, मग भीती कशाची? तुमच्याच मनाची. आता मोबाइलवर १४ मिनिटांचा गजर लावून बसावं लागतं. दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी बायकोने गजर बंद केला. मीही.

*

वॉर्महोलवाला, म्हणजे अंतराळातल्या बोगद्यांतून पोचायच्या सिस्टिममध्ये राहणारा. इथे २००९ पासून, म्हणजे वॉर्महोल आले तेव्हापासून, बोलल्याशिवाय लोकलमध्ये नाव येतच नाही. २०१९ च्या जुलैत नलसेकचं लोकलही तसंच केलं, तेव्हा सप्टेंबरपर्यंत केवढी बोंबाबोंब! परत आणावं लागलं. माझ्या मते दोष क्लोकचा नाहीच. फुकट बातमी देणारं लोकल आधी काढा, मग तासन्‌तास नुसतं नाव लावून ठेवण्यात काही राम उरणार नाही.

*

लोकल काढा म्हणणाऱ्यांनी एकदा हल्क चालवून बघावं.

*

ऑब्झर्व्हेटरीने पकडलेल्या एकाचा किस्सा सांगतो. अर्धा तास प्रोब सोडून वाट पाहिली. दोन पिंग वाया गेले, तिसऱ्याला जहाज स्कॅनवर आलं. चौघे झेपावलो. खिळवलं, गोळ्या सुरू. ते हललं नाही, वळलं नाही, लोकलमध्ये शिवीसुद्धा नाही. फुटल्यावर पॉड तसाच तरंगत होता. व्हॉइसवर कोणी हुर्यो केली नाही. महिनाभर ज्याला घाबरलो, ते रिकाम्या खुर्चीवर टांगलेलं जॅकेट निघालं.

*

परत मीच, खाणवाली. गजरवाल्या दादा, मनाची भीती म्हणालात ना? गेल्या आठवड्यात पुन्हा एक नाव आलं. ऑब्झर्व्हेटरी लावली. पहिला पिंग, काही नाही. दुसरा, तिसरा, सहावा... तरी काही नाही. पूर्वी म्हणाले असते, झोपला असेल. आता नाव तिथे आहे आणि तासभर सापडत नाही, म्हणजे कोणीतरी खुर्चीत बसून घड्याळ बघतंय. निम्मं भरलेलं हल्क तसंच गोदीत घातलं.