लंडनच्या जुन्या पबमधे पुस्तक प्रकाशन, कोणी केलंय का?

थेम्सकाठची:
नमस्कार मंडळी. माझा पहिला कथासंग्रह पुण्यात छापून झालाय, पन्नास प्रती आई येताना घेऊन येतेय. प्रकाशन इथेच लंडनला करायचंय, तीसेक माणसं. हॉल, स्टेज, हारतुरे नकोत. लंडन ब्रिजजवळ जॉर्ज इन म्हणून गॅलऱ्यांचा जुना पब आहे तो बघून आले आणि त्या लाकडी कठड्याला हात लावला तेव्हाच ठरलं की पहिली कथा इथेच वाचायची. पण आईच्या मते पब म्हणजे गुत्ता. मंडळातले ज्येष्ठही येणारेत. काय करू?

बरोकर:
अहो नक्की करा!! मी त्याच भागात नोकरी करतो, दर आठवड्याला त्या अंगणातून जातो. १६७६ च्या आगीत साउथवर्कचा, म्हणजे या भागाचा, बराच मोठा हिस्सा जळला, त्यानंतर १६७७ ला हा परत बांधला. तेव्हा तो घोडागाड्यांनी येणाऱ्यांचा मुक्कामाचा वाडा होता, गॅलऱ्या अंगणाच्या आणखी दोन बाजूंनाही होत्या, त्या रेल्वेवाल्यांनी १८८९ मधे पाडल्या, उरली ती ही एकच. १९३७ पासून नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. आणि जुना इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले गोष्टी सांगणारे यात्रेकरू शेजारच्याच टॅबर्ड इनमधून कँटरबरीला निघतात, तो १८७३ ला पाडला. डिकन्स इथे यायचा. गोष्टी सांगायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

कल्याणकर_इन_यूके:
दुसऱ्या एका पबमधे मित्राच्या कवितासंग्रहाचं केलं होतं, नाव सांगत नाही. खालच्या टीव्हीवर मॅच लागली आणि शेवटच्या चार कविता कोणालाच ऐकू आल्या नाहीत, अजून वाईट वाटतं. म्हणून आधी वेगळी खोली मिळते का ते विचारा, मिनिमम स्पेंड (खाण्यापिण्यावर किमान खर्च) किती, माइक आणू देतात का, आणि त्या दिवशी मॅच आहे का. रविवार दुपार बघा. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, बटाटेवडे घरी परतल्यावर. जुन्या इमारतीत लिफ्ट धरून चालू नका, ज्येष्ठांसाठी जिना किती आहे तो स्वतः चढून बघा. लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे कायद्याने जपलेली जुनी वास्तू असल्याने भिंतीला बॅनर ठोकता येणार नाही, उभा स्टँड न्या.

मावशी_हॅरो:
आईंना कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दुपारी चहाला घेऊन जा गं. माझ्या सासूबाईंना मी असंच फ्लीट स्ट्रीटच्या चेशायर चीजमधे नेलं होतं, तो १६६६ च्या आगीनंतरचा. बाजूच्या टेबलावर एक आजोबा एकटेच पेपर वाचत जेवत होते, ते बघून त्यांची भीती गेली. अगं पब म्हणजे पब्लिक हाउसच, चार माणसं बसायची जागा. आणि पहिली प्रत आईंच्या हातूनच उघड.

थेम्सकाठची:
मावशी, हे वाचून डोळे भरले. आई बुधवारी उतरतेय, शुक्रवारी दुपारी नेते. खोलीसाठी आत्ताच ईमेल टाकलाय, मॅचचंही विचारलंय. आणि हो, पहिली प्रत तीच उघडणार.