एक्सऑर्गचं 21.1.19 आलं म्हणतात, माझ्याकडे अपडेट करूनही 21.1.12 च. शिवाय एक्स मेलाय म्हणे?

टायपिंगवाला_इंदूर

नमस्कार मंडळी. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचा टायपिंग क्लास आहे, पोरं सीपीसीटीच्या (मध्य प्रदेशची कॉम्प्युटर-टायपिंगची परीक्षा) तयारीला येतात, कीबोर्डचं इन्स्क्रिप्ट लेआउट पण शिकवतो आणि रेमिंग्टन गेल पण. मशीनं जुनीच, बरीचशी जेल रोडवरून सेकंडहँड उचललेली, चार जीबी रॅम, इंटेलचं ऑनबोर्ड ग्राफिक्स, दोघांत एनव्हिडियाचं जुनं कार्ड आहे. विंडोज अकरा त्यांच्यावर चढणार नाही म्हणून सगळीकडे लिनक्स मिंट 22 टाकलंय, सिनॅमन डेस्कटॉपवालं, आणि मस्त चालून राहिलंय.

तर झालं असं की ऑक्टोबर 2025 च्या शेवटी एक्सऑर्ग सर्व्हरचं, म्हणजे लिनक्समध्ये स्क्रीन, कीबोर्ड, माउस सांभाळणाऱ्या एक्सचं, 21.1.19 रिलीज झालं, त्यात सिक्युरिटीची भोकं बुजवलीत, लगेच अपडेट करा, असं वाचण्यात आलं. अपडेट मॅनेजरमध्ये एक्ससर्व्हरचं काहीतरी आलेलंच होतं, सगळ्या मशीनींवर करून टाकलं. नंतर सिनॅप्टिकमध्ये (पॅकेजं दाखवणारा प्रोग्रॅम) बघतो तर व्हर्जन 21.1.12! मग हे अपडेट झालं का नाही झालं? लॉग फाइल उघडली तर तिच्यात तिसराच नंबर, 1.21.1 पासून सुरू होणारा. डोकं फिरलं.

वरून भाचा सांगून राहिलाय, मामा, एक्स मेलाय, वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) चला. मेलाय तर मग हे रिलीज कोण काढून राहिलंय? कोणी नीट समजावून सांगेल का, पुढच्या बॅचच्या आधी काय ते ठरवायचंय.

दांडिया_बाजार

बडोद्याहून लिहितोय. भाऊ, अपडेट झालंय, काळजी नको.

मिंट 22 आहे उबुंटू 24.04 वर बांधलेलं. उबुंटूवाले एलटीएसमध्ये, म्हणजे बरीच वर्षं अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीत, एक्स सर्व्हरचं मूळ व्हर्जन धरून ठेवतात, 24.04 साठी ते 21.1.12 आहे आणि ते तसंच राहणार. वरून नवीन रिलीज आलं की त्यातली फक्त दुरुस्ती उचलून ह्या जुन्यात बसवतात आणि शेपटीचा आकडा वाढवतात. म्हणून तुम्ही पुढचा नंबर बघूच नका, शेपूट बघा, उबुंटू1 च्या पुढे टिंब देऊन जो आकडा असतो ना तो. अजून खात्री पाहिजे तर अपडेट मॅनेजरमध्ये अपडेट करायच्या आधी त्या पॅकेजवर क्लिक करून चेंजलॉगचा टॅब उघडायचा, त्यात सीव्हीई (सिक्युरिटीच्या भोकांना मिळणारे नंबर) 2025-62229, 62230 आणि 62231 हे तीन दिसले की 21.1.19 मधलं काम तुमच्याकडे पोचलं. तुमचं करून झालंय, तर सिनॅप्टिकमध्ये पॅकेज निवडून वरच्या पॅकेज मेनूतूनही चेंजलॉग बघता येतो.

लॉगमधला 1.21.1 म्हणजे पण हेच. आधी व्हर्जन 1.19, 1.20 असे जायचे, 1.20 आलं मे 2018 मध्ये, त्यानंतर नाव बदलून ऑक्टोबर 2021 मध्ये एकदम 21.1 काढलं, म्हणजे सालावरून. पण आतमध्ये सर्व्हर स्वतःला अजून एक लावूनच सांगतो. त्याच लॉगच्या वरच्या दहा-पंधरा ओळींत पॅकेजचा पूर्ण नंबर शेपटीसकट लिहिलेला असतो, तो वाचा.

आणि हो, अपडेट केल्यावर मशीनं रीस्टार्ट केली का? कारण एक्स सर्व्हर लॉगिन झाल्यापासून मेमरीत बसलेला असतो, डिस्कवरची फाइल बदलली तरी चालतोय तो जुनाच. बरेच क्लासवाले मशीन बंदच करत नाहीत, सस्पेंड करून घरी जातात. आठवडाभर सस्पेंड-रिझ्यूम केलं तरी जुनाच सर्व्हर चालत राहणार.

सराफा_निशाचर

भिया भाचा बरोबर बोलून राहिलाय. नोम डेस्कटॉपच्या 49 ने सप्टेंबर 2025 मध्ये एक्स11 सेशन बाय डिफॉल्ट बंद करून टाकलं, उबुंटू 25.10 मध्ये तर लॉगिनच्या वेळी एक्सवालं ऑप्शनच गायब, मग केडीईवाल्यांनी पण नोव्हेंबर 2025 मध्ये सांगून टाकलं की त्यांच्या प्लाझ्मा डेस्कटॉपमध्ये 6.8 पासून फक्त वेलँड. कशाला जुनाट गोष्टीला चिकटून बसायचं, एक दिवस सुट्टी घ्या, सगळ्या मशीनींवर मिंटऐवजी फेडोरा लिनक्स ठोका आणि विषय संपवा. मी घरच्या लॅपटॉपवर कधीचं वेलँडच वापरून राहिलोय, स्क्रोल करताना स्क्रीन फाटल्यासारखी दिसायची ती पण बंद झाली.

लष्करकर

सराफा, तुझा लॅपटॉप आणि त्यांचा क्लास यात फरक आहे की नाही? चार जीबी रॅमच्या मशीनवर फेडोराचं नोम टाकून पोरांकडून मिनिटाला तीस शब्द काढून दाखव, मग बोलू.

मी ग्वाल्हेरचा, वय झालंय, एक्सशी संबंध सीडीवरून रेडहॅट टाकायच्या काळापासूनचा. तेव्हा एक्सऑर्गच्या जागी एक्सफ्री86 होतं. कॉन्फिग फाइलमध्ये मॉनिटरची हॉरिझाँटल आणि व्हर्टिकल रेंज हाताने लिहावी लागायची, मॉनिटरच्या मागचं स्टिकर वाचायला टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरायचो, आकडा चुकला की सीआरटी अशी शिट्टी मारायचा की शेजारचे विचारायचे काय झालं. 2004 मध्ये एक्सफ्री86वाल्यांनी लायसन्स बदललं, मिंट-उबुंटूसारखे लिनक्स बांधून देणारे डिस्ट्रोवाले भडकले, आणि सगळे एक्सऑर्गकडे आले. एक्स11आर6.7 त्याच एप्रिलमधलं, तिथून एक्सऑर्गचा संसार सुरू. डिसेंबर 2005 मध्ये आर7.0 आलं तेव्हा एका अगडबंब झाडाचे वेगवेगळे मॉड्यूल केले, त्यामुळे आज नुसता सर्व्हर अपडेट करता येतो, नाहीतर सगळंच बांधत बसावं लागलं असतं. आता मूळ मुद्दा.

मेलाय मेलाय हे मी वेलँड सुरू झालं तेव्हापासून, म्हणजे 2008 पासून ऐकतोय. एक्सवर नवीन काही फारसं होत नाही हे खरं. 1.20 नंतर साडेतीन वर्षं मोठं रिलीजच नव्हतं, जबाबदारी घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं. 21.1 मध्ये टचपॅडचे जेश्चर आले, व्हेरिएबल रिफ्रेश रेट आला, मेसनने बिल्ड करायची सोय आली, आणि त्यानंतर जे काही 21.1.1, 21.1.2 करत 19 पर्यंत आलं ते बहुतांशी डागडुजी. पण डागडुजी लागतेच, कारण हा कोड फार जुना आहे. एक्स11 चा प्रोटोकॉल सप्टेंबर 1987 चा, एमआयटीतला. एक उदाहरण देतो, लिबएक्सफाँट नावाच्या लायब्ररीत बीडीएफ फाँटची फाइल वाचायच्या कोडमध्ये 1991 मध्ये एक बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिलं जाण्याची चूक) शिरला आणि तो दुरुस्त झाला जानेवारी 2014 मध्ये. बावीस वर्षं तो सगळ्यांच्या मशीनवर बसून होता! सापडला तोही एका कोड तपासणाऱ्या टूलमुळे. आता जे लोक शोधतायत ते पद्धतशीर खोदतायत, म्हणून एकामागोमाग सिक्युरिटी रिलीज येतायत. मेलेल्या माणसाचं ऑपरेशन कोण करतं?

21.1.19 मधल्या तीनपैकी दोन दुरुस्त्या एक्सकेबीच्या आहेत, म्हणजे कीबोर्ड सांभाळणाऱ्या भागाच्या. तिसरी प्रेझेंट एक्स्टेंशनची, म्हणजे तयार चित्र स्क्रीनवर दाखवणाऱ्या भागाची. टायपिंग क्लासला भोक सापडलं ते नेमकं कीबोर्डातच.

टायपिंगवाला_इंदूर

काका, मानलं तुम्हाला. दांडियाभाऊ, लॉग बघितला, शेपूट मिळाली, पण तुम्ही म्हणता तसंच निघालं, सस्पेंडवर ठेवलेल्या मशीनींच्या लॉगमध्ये शेपटीचा आकडा जुना आहे आणि सिनॅप्टिकमध्ये नवा. आज संध्याकाळी सगळी रीस्टार्ट करतो, हार्ड डिस्कवाली मशीनं चालू व्हायला चहा पिऊन होतो म्हणून आमचे सर बंद करत नाहीत.

दोन प्रश्न राहिले. एक, ह्या भोकाने मला खरंच धोका आहे का, का उगाच घाबरवून राहिलेत? दुसरा, सिनॅमनमध्ये लॉगिनला वेलँडचं पण ऑप्शन दिसतं, समोर एक्सपेरिमेंटल लिहिलंय, ते लावून बघू का?

दांडिया_बाजार

धोका आहे पण रस्त्यावरचा चोर येऊन घेऊन जाईल असा नाही. ह्या प्रकारच्या बगचा फायदा घ्यायला आधी तुमच्या एक्स सर्व्हरशी जोडता आलं पाहिजे, म्हणजे त्या मशीनवर बसून प्रोग्रॅम चालवता आला पाहिजे. नेटवर्कवरून सरळ टीसीपीने ऐकणं तर 1.17 पासून, म्हणजे 2015 पासून, बाय डिफॉल्ट बंद आहे. पण मिंटमध्ये लॉगिनला लाइटडीएम नावाचा प्रोग्रॅम असतो आणि त्यात एक्स सर्व्हर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर, म्हणून चालतो. साध्या अकाउंटवर बसलेल्या पोराने सर्व्हर फोडला तर तो रूट होऊ शकतो. घरात तुम्ही एकटे असाल तर सोडा, पण क्लासमध्ये रोज नवीन पोरं बसतात आणि त्यांतला एखादा हुशार निघतोच. म्हणून अपडेट करा एवढंच, झोप उडवायची गरज नाही.

एक्सचं खरं दुखणं वेगळं आहे आणि ते कुठल्याच अपडेटने जायचं नाही. एका सेशनमधला कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये काय टाइप होतंय ते वाचू शकतो, सर्व्हर अडवत नाही, डिझाइनच तसं आहे. वेलँडमध्ये ज्या खिडकीवर फोकस आहे तिलाच कीस्ट्रोक मिळतात. म्हणून एका मशीनवर सगळ्यांचं एकच अकाउंट ठेवलं असेल तर त्यावर बँकेचं किंवा परीक्षेच्या फॉर्मचं लॉगिन करू देऊ नका, निदान पोरांसाठी गेस्ट सेशन चालू करा.

लष्करकर

वेलँडवाल्या ऑप्शनबद्दल मी सांगतो. सिनॅमनमध्ये ते जानेवारी 2024 पासून, मिंट 21.3 पासून आलं, एक्सपेरिमेंटल म्हणूनच. तुमच्या धंद्याचा जीव कीबोर्डात आहे आणि सुरुवातीला सिनॅमनच्या वेलँड सेशनमध्ये नेमकं कीबोर्ड लेआउट आणि इनपुट मेथडचंच काम कच्चं होतं, पुढे त्यावर मेहनत घेतली गेली. इन्स्क्रिप्ट एक्सकेबीत मिळतं पण रेमिंग्टन तिथे नाही, ते तुम्ही आयबस आणि एम17एन ह्या इनपुट मेथडच्या प्रोग्रॅमांतून चालवत असाल. म्हणून एकाच मशीनवर वेलँडने लॉगिन करा, रेमिंग्टनमध्ये अर्धा र, श्र, ज्ञ सगळं काढून बघा, लेआउट बदलायची की दाबून बघा, तुमचं ते शब्द मोजणारं टायपिंग सॉफ्टवेअर चालतंय का बघा. लॉगिन होताच सेटएक्सकेबीमॅपची कमांड चालवून लेआउट लावायची सवय असेल तर ती वेलँडमध्ये लागणार नाही, तिचा परिणाम फक्त एक्सवेलँडच्या, म्हणजे वेलँडमध्ये चालणाऱ्या एक्सच्या, आतल्या प्रोग्रॅमांपुरता.

बॅच चालू असताना हे करू नका. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत, तोवर एक्स सेशन ठेवलं तर कोणी खटला भरणार नाही.

सराफा_निशाचर

ठीक आहे काका, फेडोरा मागे घेतो 😄 पण मग एक्सलिब्रे का नाही? एक्स सर्व्हरचाच फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून काढलेली वेगळी शाखा, जून 2025 मध्ये 25.0 काढलं, त्यात नवीन काम चालू आहे. एक्सच ठेवायचा तर जिवंतवाला ठेवा.

दांडिया_बाजार

घरी खेळायला टाक, मीही टाकीन. क्लासमध्ये नको. मिंटच्या रेपॉझिटरीत ते नाही, म्हणजे सिक्युरिटी अपडेट आपोआप येणार नाहीत, प्रत्येक वेळी मशीनीमागून मशीन हाताने करत फिरावं लागेल. शिवाय ह्यांच्याकडे एनव्हिडियाची दोन कार्डं आहेत. एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर एक्स सर्व्हरच्या ठरावीक एबीआयसाठी (ड्रायव्हर आणि सर्व्हर एकमेकांना जोडायचा ठरलेला सांधा) बांधलेला असतो, 1.20 वरून 21.1 वर जाताना पण तो एबीआय बदलला होता, आणि जुन्या कार्डांसाठी कंपनी ड्रायव्हर अडकवून ठेवते, नवीन सर्व्हरसाठी बांधून देत नाही. 21.1.12 मध्येच दुरुस्ती बसवून मिळण्याचा हाच तर फायदा, एबीआय हलत नाही, अपडेट करून काळी स्क्रीन यायची भीती जवळपास नाही.

आणि एक्स एवढ्यात पूर्ण जाणार नाही, ते भाच्याला पण सांगा. वेलँडवर जुने एक्सचे प्रोग्रॅम चालवायला जे एक्सवेलँड लागतं ते ह्याच कोडमधून निघतं, फक्त 2021 पासून त्याचं रिलीज वेगळं केलंय. 21.1.19 आलं त्याच दिवशी एक्सवेलँड 24.1.9 पण आलं, त्याच तीन दुरुस्त्यांसकट. भाचा वेलँडवर असला तरी त्याने पण अपडेट केलेलं बरं.

टायपिंगवाला_इंदूर

भाच्याला फोन लावला, त्याच्या लॅपटॉपवर दोन महिन्यांची अपडेट पडून आहेत 😂

सगळी मशीनं रीस्टार्ट केली, लॉगमध्ये शेपटीचा आकडा आता सगळीकडे एक आहे. एनव्हिडियावाली दोन पण सुखरूप चालू झाली. कोपऱ्यातल्या मशीनवर वेलँडने लॉगिन करून बघितलं, इन्स्क्रिप्ट लागलं, रेमिंग्टनला आयबस येऊन राहिलाय पण लेआउट बदलायची की कधी लागते कधी नाही. म्हणून सध्या बॅचला एक्सच, आणि गेस्ट सेशन उद्यापासून. दांडियाभाऊ, गेस्टमध्ये आयबसची सेटिंग दर वेळी नव्याने करावी लागेल का, का कुठं एकदाच ठेवता येते?

दांडिया_बाजार

गेस्ट बंद केलं की होम फोल्डर पुसलं जातं, त्यामुळे तिथे केलेली सेटिंग टिकत नाही. एटसी (/etc) फोल्डरमध्ये गेस्ट-सेशन (guest-session) नावाचा फोल्डर करून त्यात skel नावाचा साचा ठेवायचा, म्हणजे एका यूजरमध्ये आयबस, लेआउट सगळं हवं तसं लावून त्याचं होम तिथे लिंक करायचं. प्रत्येक गेस्ट मग त्याच्याच कॉपीवर उघडतो. त्या यूजरमध्ये ब्राउझरचा पासवर्ड वगैरे काही सेव्ह करू नका, नाहीतर तोही प्रत्येक पोराला मिळेल.