मदत हवी आहे: गावच्या घरी डोंगल, डेटा पुरत नाही

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमचं घर आहे, एरवी बंदच असतं. दोन महिन्यांतून आठवडाभर जातो आणि तिथूनच ऑफिसचं काम करतो. तेवढ्यासाठी कायमची जोडणी कोण घेणार? म्हणून यूएसबी डोंगल (लॅपटॉपला खोचायचं, सिमवर नेट देणारं छोटं यंत्र), त्यात जिओचं प्रीपेड सिम. जाईन तेव्हा रिचार्ज मारायचा. (कपाटातलं जुनं डोंगल थ्रीजीचं निघालं. जिओचं जाळं फोरजीपासून पुढचं, त्यामुळे ते सिम त्यात चालणारच नव्हतं. नवं घ्यावं लागलं.)

रेंजचं जमवलंय. चिऱ्याच्या भिंतींमुळे माजघरात एकच कांडी येते, म्हणून यूएसबीची लांब वायर आणून डोंगल पडवीतल्या खिडकीच्या गजाला रबरबँडने बांधलं. शेजारचे काका विचारतात, "दृष्ट लागू नये म्हणून काय रे?"

खरी डोकेदुखी डेटाची. १२ जीबीचा पॅक चौथ्या दिवशी संपला! लॅपटॉपला हे घरचंच नेट वाटतं, तो बिनधास्त अपडेट ओढत बसतो. आता विंडोजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा जपून वापरायची सेटिंग) चालू केलंय, फोटोंचं सिंकही बंद. तरी रोज एक-दीड जीबी कुठेतरी गळतोच.

कुठला प्रोग्राम डेटा खातोय ते नेमकं कुठे बघू? आणि मधले दोन महिने सिम जिवंत ठेवायला कमीत कमी कितीचा रिचार्ज पुरतो? ओटीपी त्याच नंबरवर येतात, ते ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हे डोंगलचं पान उघडून वाचावे लागतात, तेव्हा नंबर घालवून चालणार नाही. कुणी असंच वापरत असाल तर सांगा, शनिवारी निघतोय.